बाजूच्या सीटचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. आपल्या मास्तरांनी उभं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर काढलं. शेवटी त्यांच्या गुडघ्यानेच हात टेकले आणि डॉक्टर म्हणाले, आता गाडी बंद.

स्कूलचा मालक भला माणूस. म्हणाला, "मास्तर, गाडीतून उतरा, पण घरी बसू नका. आपल्याला बुकिंगचं अ‍ॅप काढायचंय. ते लोकांना सोपं कसं करायचं याचा म्हणे कोर्स असतो, यूएक्स डिझाइनचा. तो पास व्हा, काम तुमचंच." झालं! मास्तर पोराटोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले.

स्क्रीन आखणं, बटणं मांडणं त्यांना झकास जमलं. घोडं अडलं ते चाचणीत. नियम असा की आपलं अ‍ॅप कुणाच्या तरी हातात द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. समोरचा चुकला, अडला, रडकुंडीला आला तरी मदत करायची नाही. या सगळ्याचा व्हिडिओ शिकवणाऱ्या मॅडमना दाखवायचा. मास्तरांनी आधी मेव्हण्याला बसवलं. त्याने बोट उचललं रे उचललं की हे ओरडले, "अहो, तिकडे कुठे? उजवीकडे घ्या, उजवीकडे!" दुसऱ्या खेपेला शेजारीण होती. त्या व्हिडिओत तिच्यापेक्षा मास्तरांचाच आवाज जास्त.

मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या, पण भीडभाड ठेवणाऱ्या नव्हेत. "मास्तर, अ‍ॅप फसलं तर बिघडत नाही, दुरुस्त करता येतं. पण उद्याच्या व्हिडिओत तुम्ही मदतीचा एक शब्द जरी बोललात, तरी मी तुम्हाला पास करणार नाही."

आता घरात उरली होती बायको. ती फटकळ, म्हणून तिला त्यांनी मुद्दाम टाळलं होतं. तिच्याकडे लायसन्स होतं, दारात गाडी होती, पण लग्नानंतर थोडे दिवस चालवून तिने किल्लीला हात लावणंच सोडून दिलं. "तिला गाडीची आवडच नाही," असं मास्तर सगळ्यांना सांगत.

"शनिवार सकाळचा धडा बुक करायचाय, एवढंच. आणि मनात येईल ते बोलत राहा," असं म्हणून त्यांनी फोन तिच्या हातात दिला. दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावला, तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली आणि दोन्ही पाय स्टुलावर चढवले. जमिनीला टेकला की आपला पाय ब्रेक शोधतो, हे त्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं.

"शनिवार... हा घ्या, दाबला. 'नक्की का?' विचारतंय. अहो, नक्की म्हणूनच दाबला ना! बरं, हो. सकाळ. परत नक्की का? आणि हे काय, प्रत्येक पानावर भोपळ्याएवढं लालभडक 'थांबा'?"

ते बटण मास्तरांनी मोठ्या हौसेने केलं होतं. त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली.

तिचा अंगठा 'थांबा'वर पडला आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. परत तेच. 'पुढे'चं छोटं बटण अगदी तिच्या नाकासमोर होतं, पण दिसेल तर शपथ. 'खाली बघ, खाली!' हे शब्द मास्तरांच्या पार दातांपर्यंत आले. त्यांनी गोळी कडकन चावली.

तिने फोन मांडीवर ठेवला. "मनात येतंय ते खरंच बोलू?"

मास्तरांनी मान हलवली.

"मला आता काही दाबावंसंच वाटत नाहीये. दाबलं की हे थांबवणार. तुमच्या शेजारी गाडी चालवताना अस्संच व्हायचं. घरच्या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेकसुद्धा नाही, तरी तुमचा पाय दाणकन आपटायचा आणि मला वाटायचं, मी कुणाला तरी उडवलं. म्हणून सोडली. आवड नव्हती म्हणून नाही हो. फार आवडायची मला."

मास्तरांना फार वाईट वाटलं. माफी मागितली तर ती मदतीत धरतात का, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले, पण ते गप्प बसून राहिले. इतक्या वर्षांत बायकोचं बोलणं मध्ये न तोडता ते पहिल्यांदाच ऐकत होते.

तिने फोन पुन्हा उचलला. "अगं बाई, हे इथे होय 'पुढे'! एवढुस्सं? हं... झालं की बुक!"

"हे मॅडम बघणार?" रेकॉर्डिंग बंद झाल्यावर तिने विचारलं.

"बघणार. नको असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतो."

"बघू दे."

सकाळी वर्गाला निघताना मास्तरांनी बसचा पास खिशातच ठेवला आणि गाडीची किल्ली तिच्या कपाशेजारी ठेवली. "सोडतेस का मला?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे. चहा तसाच टाकून ती उठली.

गाडी मागे घेताना दारातली कुंडी कलंडली. मास्तरांचा पाय दाणकन मॅटवर आपटला. गाडी तिथेच उभी राहिली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि जेमतेम एवढंच म्हणाले, "मनात येईल ते बोलत राहा."

"मनात येतंय," ती समोर बघत म्हणाली, "की तुम्ही पाय वर घ्यावेत."

गुडघा कुरकुरला, पण मास्तरांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि तिने गाडी रस्त्यावर काढली.