आजीला विचारायचे प्रश्न

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच शाळेत शिकवायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. घर दुमजली. खाली थोरली, वर धाकटी, मध्ये जिना आणि सासूबाई. सासूबाईंची खाट खाली होती, सकाळचं जेवण खाली आणि रात्रीचं वर. दोघे मुलगे, म्हणजे या दोघींचे नवरे, भांडणाच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. थोरला बस चालवायचा, धाकटा पंखे-मिक्सर दुरुस्त करायचा, आणि दोघांनाही संध्याकाळी घरी यायला हल्ली उशीर व्हायचा.

धाकटीला शाळेत लावलं होतं ते थोरलीनेच. मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला, मुलाखतीच्या दिवशी स्वतःची चांगली पर्सही दिली. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातला फळा थोरलीकडे होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती त्यावर ‘आजचा दिनविशेष’ लिहायची. अक्षर असं, की छापल्यासारखं वाटावं. ‘आज जागतिक जलदिन. पाणी हेच जीवन.’ मुलं फळ्यासमोरून धावत वर्गात जायची आणि फळा दिवसभर एकटा जलदिन साजरा करायचा.

धाकटीने चौथीचा वर्ग हाती घेतला आणि सगळं शिकवणंच दिनविशेषांवर टांगलं. जलदिनाला तिने शाळेतल्या गळक्या नळाखाली बादली लावली आणि लिटर, मिलिलिटर, गुणाकार, सगळं त्या बादलीतून काढलं. मातृभाषा दिनाला मुलांना घरचा अभ्यास दिला की राग आल्यावर मोठी माणसं कोणत्या भाषेत बोलतात ते ऐकून या. दुसऱ्या दिवशी मुलांनी जे वाचून दाखवलं त्यामुळे चार पालक शाळेत आले. सुट्टीच्या आदल्या दिवशी तर तिचा नियमच होता. उद्या सुट्टी का आहे हे ज्याला सांगता येणार नाही त्याने उद्या शाळेत यावं. शाळा बंद असते हे मुलांना ठाऊक होतं, तरी सगळी जीव तोडून उत्तर पाठ करायची.

एकदा शिक्षकखोलीत कोणीतरी थोरलीच्या अक्षराचं कौतुक केलं. धाकटी वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “फळ्यावर लिहून दिवस साजरा झाला असता, तर भिंतीवर ताट काढून पोट भरलं असतं.”

सगळे हसले. थोरलीही हसली, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या सोमवारी मुख्याध्यापकांनी फळाही धाकटीकडे दिला. त्या दिवसापासून थोरलीने तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटीने दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि मग तिनेही टाकलं. ज्या झाडाच्या सावलीत बसलीस त्याचीच फांदी तोडलीस, असं थोरलीचं म्हणणं. सावली दिली म्हणून जन्मभर मान खाली घालून बसू का, असं धाकटीचं. ही दोन्ही म्हणणी सासूबाईंना पाठ होती, कारण तेव्हापासून घरातला प्रत्येक शब्द त्यांच्यामार्फत जायचा. वर पाणी नाही, मोटर लावायला सांगा. खालच्या दोरीवर चादरी वाळत घालू नका म्हणावं. सासूबाई कठडा धरून वर जायच्या आणि कठडा धरून खाली यायच्या.

वैर खऱ्या अर्थाने पेटलं ते कामगार दिनाला. सुट्टीच्या आधी धाकटीने मुलांना सांगितलं की उद्या सगळ्यांना सुट्टी असूनही कामावर जाणारं एक माणूस शोधा आणि त्याला विचारा, आज काम का? दोन मुली नेमक्या थोरल्याच्या बसमध्ये चढल्या. त्याने रस्त्यावर नजर ठेवत हसत उत्तर दिलं. मुलींनी ते मोठ्या अक्षरात कागदावर उतरवलं, बसचं चित्र काढलं, आणि धाकटीने ते बाकीच्या कागदांबरोबर व्हरांड्यात लावलं. ‘बसचालक काका म्हणाले, घरी बसण्यापेक्षा बस बरी.’

थोरलीने ते मधल्या सुट्टीत वाचलं. तिच्या मागे सहावीची मुलं उभी राहून वाचत होती आणि एकमेकांना कोपरं मारत होती. ते काका कोणाचे कोण हे सगळ्या शाळेला माहीत होतं. धाकटीने पुढे शपथेवर सांगितलं की कागद लावताना तिचं लक्षच गेलं नाही. ते खोटं होतं. लक्ष गेलं होतं, आणि टाचणी तिने जरा जास्तच जोरात दाबली होती.

थोरली घाईची बाई नव्हती. चाचणी परीक्षेचे पेपर काढणं तिच्याकडे होतं. चौथीच्या गणितात तिने अपूर्णांकांवर भरपूर गुण ठेवले. पुस्तकाप्रमाणे अपूर्णांक तोवर व्हायलाच हवे होते. धाकटीचा वर्ग मात्र पृथ्वीदिन, पुस्तकदिन, योगदिन करत करत तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता. निकाल लागला आणि अर्धा वर्ग आपटला. पालक तावातावाने आले. एक वडील मुख्याध्यापकांना म्हणाले की माझ्या मुलाला चिमणी दिन कधी असतो ते सांगता येतं, पण अर्ध्यातून पाव वजा करता येत नाही.

मुख्याध्यापक मुळात भित्रे. त्यांनी धाकटीला बोलावून सांगितलं की यापुढे वर्गात पुस्तक चालेल, आणि वर्षात दोनच दिवस साजरे करायचे, तेही सभागृहात, सगळ्या वर्गांनी मिळून. त्यातला पहिला त्यांनीच निवडला. ज्येष्ठ नागरिक दिन. त्याला कोणाची हरकत नसते, असं त्यांचं मत.

धाकटी घरी आली ती पाय आपटत. पेपर कोणी काढला होता ते तिला माहीत होतं. रात्री भांडी घासताना तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली.

गेल्या काही महिन्यांपासून थोरली शाळेला निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायची आणि कुलूप लावायची. धाकटीने ते खिडकीतून पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात कपभर चहाही करून घेता येऊ नये, इतकी ही बाई आतल्या गाठीची, असं तिने तेव्हाच नवऱ्याला ऐकवलं होतं. तिने सासूबाईंना वरच्या दाराची किल्ली दिली होती आणि दुपारी वर जाऊन हवा तेवढा चहा करत जा असं सांगितलं होतं. सासूबाईंनी किल्ली मुकाट कनवटीला लावली होती.

आता ही गोष्ट सगळ्या शाळेने ऐकावी असं तिला वाटलं. तिने मुलांकडून आजीला विचारायचे प्रश्न तयार करून घेतले. लहानपणी शाळा कशी होती, कोणते खेळ खेळायचात, असे नेहमीचे. आणि मधोमध स्वतःचा एक घातला: आजी, घरी दिवसभरात तुम्हाला काय करू देत नाहीत?

ज्येष्ठ दिनाला सभागृह गच्च भरलं. पुढे खुर्च्यांवर मुलांचे आजी-आजोबा, मागे पालक, आणि भिंतीला टेकून थोरली तिच्या वर्गासह. सासूबाई व्यासपीठावर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, नेहमीचं लांब बाह्यांचं पोलकं, चष्मा पुसलेला. सुरुवातीला त्या लाजल्या, मग खुलल्या. शाळेत जाताना चप्पल हातात धरून चालायचो, म्हणजे झिजायची नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आजोबा मंडळींनी माना डोलावल्या.

मग एक दात पडलेली मुलगी उठली आणि तिने मधला प्रश्न वाचला. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली सरळ समोर बघत होती.

सासूबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

“बसू देत नाहीत,” त्या म्हणाल्या.

मुलीला कळलं नाही. तिने विचारलं, म्हणजे खुर्ची देत नाहीत का?

“खुर्ची आहे गं. पण माझ्या दोन सुना एकमेकींशी बोलत नाहीत. वरचा निरोप खाली, खालचा निरोप वर, तो मी न्यायचा. माझे गुडघे गेले त्या जिन्यात. एकदा अर्ध्यावर आले आणि वरचा निरोप विसरले, तर परत वर गेले विचारायला. तिने मला कपभर पाणीही विचारलं नाही. खाली आले तर ही म्हणाली, एवढा वेळ?” त्यांनी एक बोट धाकटीकडे केलं आणि एक भिंतीकडे. “दोघी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतात.”

मागच्या ओळीतला एक मुलगा, ज्याला दिनविशेष तोंडपाठ होते, हात वर करून उभा राहिला आणि अगदी मदतीच्या सुरात म्हणाला, “बाई, मग आजींना पुढच्या आठवड्यात टपाल दिनालाही बोलवायचं का?”

सभागृहात हशा पिकला. पालक हसले, आजी-आजोबा हसले, मुख्याध्यापक रुमाल तोंडाला लावून खोकले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. थोरली आपला वर्ग तसाच सोडून बाहेर गेली. धाकटीने कसेबसे उरलेले प्रश्न उरकले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरात खुर्ची घेतली आणि जाहीर केलं की यापुढे त्या एकही निरोप नेणार नाहीत. थोरलीने गॅस पेटवला. थोड्या वेळाने वरचं पाणी संपलं. मोटरचं बटण खाली. धाकटीने जिन्याच्या तोंडाशी भांडी आपटून पाहिली, मग नळ उघडाच ठेवला म्हणजे त्याचा फुसफुस आवाज खाली जाईल. कोणी आलं नाही. शेवटी ती रिकामी बादली घेऊन पायऱ्या उतरली आणि दारात उभी राहिली.

“मोटर लावायची आहे,” ती म्हणाली. कोणाला, ते म्हणाली नाही.

“बटण भिंतीवर आहे. भिंतीवर ताट काढून पोट भरत नसलं तरी बटण दाबता येतं,” थोरली म्हणाली.

एवढं पुरलं. तुंबलेलं सगळं दोघींनी एकमेकींच्या अंगावर रिकामं केलं. फळा, पर्स, अपूर्णांक, बसचा कागद. तुम्ही मुद्दाम पेपर तसा काढलात. तू माझा नवरा भिंतीला टाचलास. उपकार काढता. उपकार विसरतेस. थोरलीचा आवाज चढला की शेजारच्यांचा टीव्ही बारीक व्हायचा.

“आणि आज आईंना पढवून उभं केलंस,” थोरली म्हणाली. “सगळ्या गावासमोर माझी लाज काढायला.”

“मी हे पढवलं नव्हतं.”

“मग काय पढवलं होतंस?”

धाकटीने बादली खाली ठेवली. मग खरंच सांगून टाकलं. “गॅसचं. तुम्ही कुलूप लावून जाता ते. म्हाताऱ्या माणसाला चहासुद्धा करू देत नाही ते सगळ्यांना कळावं म्हणून.”

थोरलीने हातातला चमचा खाली ठेवला. ती आली, सासूबाईंचा उजवा हात धरला आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढा गुलाबी चकचकीत डाग होता.

“चहा ठेवला आणि खुर्चीत डोळा लागला. उठून गडबडीने गॅस बंद करायला गेल्या आणि बाही पेटली. मी माझी पर्स विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते. नाहीतर संध्याकाळी आपण काय पाहिलं असतं ते तूच सांग.”

“मला कोणी का नाही सांगितलं?”

“कोणाबरोबर सांगणार होते?” थोरली म्हणाली. “निरोप न्यायला एकच माणूस होतं. त्यांना सांगितलं होतं मी, की वर सांगा, तिलाही गॅस बंद करून जायला सांगा म्हणून. तू काहीच केलं नाहीस. मला वाटलं, मी सांगितलं म्हणूनच करत नाहीयेस.”

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी बाही खाली ओढली आणि त्या दुसरीकडे बघू लागल्या.

“आई, हा निरोप तुम्ही मला दिलाच नाहीत,” धाकटी म्हणाली. “उलट मी किल्ली दिली ती घेतलीत.”

“दिला असता तर वरचाही चहा गेला असता,” सासूबाई म्हणाल्या.

धाकटी पायरीवर बसली. रोज दुपारी वर एकटी म्हातारी, पेटलेला गॅस, आणि आपण शाळेत टाचण्या दाबतोय, हे सगळं तिच्यासमोर एकदम उभं राहिलं. तिला रडू आलं नाही, संताप आला. थोरलीचा, सासूबाईंचा आणि स्वतःचा. तिने हात पुढे केला. सासूबाईंनी थोडी टाळाटाळ करून कनवटीची किल्ली काढून दिली.

त्यानंतर जावांमध्ये गोडी झाली असं कोणी समजू नये. त्या बोलू लागल्या, आणि बोलतात ते बहुतेक वाकडंच. चौथीचा वर्ग अपूर्णांकात अजून कच्चा आहे आणि त्याचं कारण कोण यावर रोज सकाळी जिन्यात खटका उडतो. पण मोटर वेळेवर लागते, आणि दुपारच्या सुट्टीत दोघींपैकी एक जण धावतपळत घरी येऊन चहा करून देते. कोणाची पाळी यावरूनही भांडण आहेच.

आता अबोला सासूबाईंनी धरलाय. दोघींशीही. चहा समोर आला की त्या पितात, कप ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. परवा शेजारीण भेटायला आली. तिने सहज विचारलं, सुना बोलायला लागल्या म्हणे? सासूबाई म्हणाल्या, “लागल्या ना. आणि माझ्या हातचा चहा गेला.”