डाव्या दाराचा पोचा

लेनर्ड टिबिट्सने आयुष्यात कधी कुणाचं मन मोडलं नव्हतं. त्याच्या बहुतेक भानगडींचं मूळ तेच होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये हॅरोबी बनवायला घेतली. हॅरोबी ही जुनी शर्यतीची गाडी. जगात पाचच बनल्या; चार मोडीत गेल्या, पाचवीचा पत्ता नाही. लेनर्डने मासिकांतले फोटो भिंतीला डकवले आणि बायकोचं, आयव्हीचं, डोकं उठेपर्यंत लाकडी साच्यावर पत्रा ठोकला. एका फोटोत नुसतं दार होतं, त्यावर टेकलेलं कुणाचंसं कोपर आणि खाली एक पोचा. लेनर्डने आपल्या गुळगुळीत डाव्या दाराला तस्साच पोचा पाडला.

"चांगलं दार बिघडवायला तुला अख्खा रविवार लागला," आयव्ही म्हणाली. "मला चालवायला दिली असतीस, तर बाजाराच्या पार्किंगमध्ये फुकट काम झालं असतं."

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात अस्सल गाड्या हवेलीपुढच्या हिरवळीवर लागत आणि नकला चहाच्या तंबूमागे, फिरत्या संडासांच्या शेजारी. लेनर्ड मुकाट्याने संडासांकडेच निघाला होता. पण फाटकावरच्या कर्नल फेदरस्टनने गाडी पाहून टोपी काढली.

"पाचवी," तो म्हणाला. "सापडली म्हणायची." आणि त्याचे डोळे भरून आले.

आता भरल्या डोळ्यांच्या माणसाची चूक चारचौघांत दाखवणं वॉर्सेस्टरशर परगण्याच्या रीतीत बसत नाही. मागे गाड्यांची रांगही लागली होती. लेनर्ड "आभारी आहे" म्हणाला आणि हिरवळीवर गेला. आयव्ही कुंपणाकडे बघत बसली.

दुपारपर्यंत तो एकदाही खोटं बोलला नाही. गाडी कुठे मिळाली, असं लोक विचारत. तो म्हणे, शेडमध्ये. लोक माना डोलवत. दर उत्तराला त्याचे कान आणखी लाल होत होते. आयव्ही केक आणायला म्हणून गेली ती परत आलीच नाही.

मग कर्नलने एका म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मिसेस ऑल्ड्रिज. पाचवी हॅरोबी हिच्याच नवऱ्याची. कर्नल त्या दोघांना एकांत देऊन लांब जाऊन उभा राहिला.

म्हातारीने पोच्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या बहिणीचं लग्न चर्चमध्ये लागत होतं आणि आमचे हे या गाडीखाली झोपून काहीतरी पिळत होते," ती म्हणाली. "मी लाथ घातली."

आपण रविवारभर हातोडीने कशाची नक्कल केली, ते लेनर्डला आत्ता कळत होतं.

"पण बाळ," ती हळूच म्हणाली, "मी उजव्या दाराला घातली होती."

मासिकवाल्यांनी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला होता.

सत्तरीतला बाळ मान खाली घालून उभा राहिला. "नक्कल आहे," तो म्हणाला. "मी बनवली. तुमची कुठे आहे, मला ठाऊक नाही."

म्हातारीचे डोळे पाणावले. तिने डोळे पुसले नाहीत, म्हणून लेनर्डला आणखीच वाईट वाटलं. काहीतरी भरपाई करावी म्हणून तो पुटपुटला, "हवं तर उजव्या दाराला... तुम्ही आता..."

तिने आपल्या जाड तळाच्या बुटाकडे पाहिलं. "राग यावा लागतो रे त्याला. तुझ्यावर कसला रागावू? मला चहा आण."

लेनर्डने आधी गाडी काढली. सगळ्या हिरवळीसमोरून ती नेऊन संडासांशेजारी लावली आणि चहाच्या रांगेत उभा राहिला. पुढचे लोक लगेच बाजूला झाले. हॅरोबीच्या मालकाने रांगेत उभं राहायचं म्हणजे काय! शिवाय गाडी स्वतःहून मागे लावली, केवढा नम्र माणूस, असं कुणीतरी कुजबुजलं.

"ती नकली आहे," लेनर्ड म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. "मी घरी बनवली. सकाळीच सांगायला हवं होतं."

रांगेतले लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. कर्नल दोन माणसं पुढे होता. त्याने वर पाहिलं.

"पाऊस येईलसं वाटतंय," तो म्हणाला.

आभाळ निळंशार होतं. सगळ्यांनी सुटका झाल्यासारखं वर पाहिलं, येईल खरा म्हणाले आणि जो तो आपापल्या जागी परत उभा राहिला. लेनर्डला पुन्हा कुणी पुढे बोलावलं नाही.

तो दोन कप घेऊन परतला.

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली.

"रांग होती."