हवा काढायला दोघं लागतात

घाबरू नका, मी क्लच बोलतोय. रंग उडालेल्या एका जुन्या गाडीत, ड्रायव्हरच्या डाव्या पायाखाली माझा जन्म गेला. माणसांचे चेहरे मी फारसे पाहिलेले नाहीत. मला माणूस कळतो तो तळव्यावरून.

गाडी दोन भावांच्या गॅरेजमधली. थोरल्याला सगळे दादा म्हणतात. धाकटा गाडीचा मालक, म्हणजे माझाही. पाय हलका होता त्याचा. दाबण्याआधी बोटांनी दोनदा टकटक करायचा, आत येऊ का विचारल्यासारखा. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. गाडी भिंतीकडेला पडून राहिली, आणि माझ्या अंगातलं बळच सरलं. दाबलं की तळाला टेकायचो, वर यायचं नाव नाही.

अशात धाकट्याच्या बायकोला डोंगरापलीकडच्या शाळेत नोकरी लागली. तिकडे बस जात नाही. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला देणार होते.

"दादा, गाडी तेवढी चालती करून द्या," ती म्हणाली.

"देतो की. क्लचच तर आहे."

क्लचच तर आहे म्हणे! पाय मला ढकलतो, मी तेलाला ढकलतो, तेल पुढे जोर लावतं, तेव्हा कुठे गिअर पडतो. दादानं वरचा सिलिंडर खोलून रबरं बदलली. गिअर करकरलाच. खालचा सिलिंडर नवा घातला. मी तसाच लिबलिबीत. आता उरली होती नळीत अडकलेली हवा. ती काढायला एक माणूस सीटवर लागतो, एक गाडीखाली. खालचा म्हणतो "दाब". वरचा मला दाबून धरतो. मग खालचा माणूस सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीकशी तोटी, ढिलं करून हवा सोडतो, पुन्हा आवळतो आणि म्हणतो "सोड". वर धाकटा, खाली दादा, हे कायमचं ठरलेलं.

"मी बसते ना," ती म्हणाली.

"नको. तू घरी जा, तयारीला लाग."

त्या सीटवर तो कुणालाच बसू देईना. मला दाबायला त्यानं काठी अडकवली, ती दर वेळी निसटली. भर दुपारी घामाघूम होऊन तो गाडीखाली सरकला आणि सवयीनं बोलून गेला, "दाब."

टकटक झाली. मग मी खाली गेलो.

तळवा ओळखीचा होता, पण ऊब नव्हती त्याला. खाली दादाचा पाना थांबला. मग निपल फिरलं, हवा फसफसत गेली, आणि दादा अगदी हळू म्हणाला, "सोड."

काळं तेल गेलं, बुडबुडे संपले, स्वच्छ तेल आलं. काम झालं होतं. तरी दादा म्हणे, "दाब." आणि मधेमधे बोलत राही. "आईचा गुडघा बराय आता. तुझी बायको सोमवारी कामावर जातेय." वर बॉनेटखाली, मला तेल पुरवणाऱ्या डबीतलं तेल तळाशी आलं होतं. आणखी एकदा दाबलं असतं तर मी पुन्हा हवा गिळली असती, आणि तिचा सोमवार हुकला असता. मला ओरडता येत नाही.

"दाब," दादा म्हणाला.

पाय हलला नाही.

"दाब ना रे."

मी वरच होतो. दादा बाहेर आला. सीटवरची धूळ जशीच्या तशी होती. त्यानं बॉनेट उघडून डबी पाहिली आणि तिथेच डोकं टेकवून उभा राहिला. मग तेल भरलं, निपल घट्ट आवळलं आणि तिला बोलावून म्हणाला, "बस. तूच दाबून बघ."

"छान घट्ट झालाय," ती म्हणाली. "पण दादा, किती गार लागतोय हा."

दादा हात धूत राहिला.

आता मी रोज डोंगर चढतो. घाटात ती पाय उचलते तेव्हा मी सावकाश वर येतो, गाडीला जराही धक्का बसत नाही. एवढं मऊ सोडणं तिला अजून जमत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या गॅरेजवरून गेलात, तर दादाला निरोप द्या. रिकाम्या गाड्यांखाली जाऊन हाका मारू नकोस म्हणावं. धाकटा आमच्याबरोबर आलाय.