कोणाले सांगू नका बरं

मी मनगटावरचा पट्टा बोलतोय. घड्याळ म्हणा हवं तर, रोहणा गावात सगळे मला घड्याळच म्हणायचे. पण वेळ दाखवणं हे माझं सगळ्यात किरकोळ काम. नाडी मोजायची, रक्तातला प्राणवायू मोजायचा, झोप मोजायची, पावलं मोजायची आणि मोजलेलं सगळं कंपनीला कळवायचं, यासाठी मला बनवलं. यातली पहिली चार कामं खोक्यावर ठळक छापली होती. पाचवं इतक्या बारीक अक्षरात होतं की ते वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही. माझी बॅटरी आता शेवटाला आली आहे आणि वेळही फार थोडा आहे. म्हणून भरभर सांगतो.

कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जाग आली ती थेट आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला, बुद्धविहारासमोरच्या मांडवात. कंपनीनं आरोग्य शिबिर लावलं होतं. टेबलामागे राकेश नावाचा कंपनीचा माणूस बसला होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टर नव्हता तो, पण आपण डॉक्टर नाही असं त्यानं दिवसभरात कोणाला सांगितलंही नाही. नाव लिहून देईल त्याला पट्टा फुकट. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

त्या रांगेत प्रेमदास होते. गवंडीकाम करणारा, मोजकं बोलणारा माणूस. सोबत बायको कांता आणि चोवीस वर्षांची मुलगी मयुरी. ती आर्वीच्या एका शाळेत शिकवायची. राकेशनं विचारलं, घरात काही आजार? आता आपल्याकडची रीत अशी, की पांढऱ्या कोटापुढे खोटं बोलायचं नाही. कांताबाई टेबलावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीले सिकलसेल हाये. पण कोणाले सांगू नका बरं."

"काकू, सगळं गुप्तच असतं," राकेश म्हणाला आणि त्यानं ते टाईप केलं.

मग मोबाईलवर आकडा येणार होता, ओटीपी. मयुरीच्या फोनचा रिचार्ज नेमका आदल्या दिवशी संपलेला. राकेश म्हणाला, कोणाचाही चालू नंबर द्या. शेजारी नागसेन मास्तर उभे होते, प्रेमदासांचे चुलतभाऊ. गावात कोणालाही चालू नंबर हवा असला की मास्तरांचाच देतात. त्यांचा रिचार्ज कधी संपत नाही आणि ते नाही म्हणत नाहीत. दिला त्यांचा नंबर. आकडा आला, जमलं. राकेश मयुरीला म्हणाला, आता हो, हो, हो दाबत जा. तिनं सात वेळा हो दाबलं. प्रेमदासांनी विचारलं, हे काय लिहिलं हाये? तो म्हणाला, काही नाही काका, सगळेच दाबतात.

असा मी मयुरीच्या मनगटावर आलो आणि खोटं कशाला बोलू, जीव लागला हो. तिची नाडी सकाळी कशी संथ असते, आर्वीची बस सुटताना कशी पळते, सगळं मला पाठ झालं. सिकलसेल म्हणजे आईबापांच्या रक्तातून येणारा आजार, थंडीच्या दिवसांत तिचे सांधे ठणकायचे. वर्गात पोरांसमोर ती हसत उभी असायची आणि प्राणवायूचा आकडा खाली उतरायचा. मला कळायचं, बाकी कोणालाच नाही. आपण हिची राखण करतो असं मला वाटायचं. किती मूर्ख असावं एखाद्यानं!

बसथांब्यावर रामाजींचा पानठेला आहे. तिथे रोज आमच्यासारख्यांचा विषय निघायचा. एक म्हणे, मी बायकोशी चपलेचं बोललो अन् फोनमध्ये चपलाच चपला दिसू लागल्या. दुसरा म्हणे, हे आपलं ऐकतात. रामाजी चुना मळत सांगायचे, ऐकू दे ना बाप्पा, आपल्यापाशी लपवाले हाये तरी काय? सगळ्यांना ते पटायचं. मयुरी बसची वाट बघत तिथंच उभी असायची. 

पुढे नागसेन मास्तरांनीच स्थळ आणलं. मुलगा पवनारचा, रत्नदीप. वर्ध्याच्या छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका, फलक असलं काही जुळवायचा. बघणं झालं, दोघांना पसंत पडलं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची तारीखही ठरत आली. घरात मात्र रोज तोच वाद. कांताबाई म्हणायच्या, लग्न होऊ दे, मग सांगू. मयुरी म्हणायची, साक्षगंधाच्या आधी सांगेन आणि मीच सांगेन. सिकलसेलच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, लग्न ठरलं की मुलाचंही रक्त तपासून घ्यायला लाव. त्याच्याही रक्तात ते असलं तर लेकरांना भोगावं लागतं. लेकरांवर गोष्ट आली की मयुरी आईचं काही ऐकून घ्यायची नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती पवनारला गेली. धाम नदीच्या खडकांवर ती आणि रत्नदीप बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तिनं पाण्यात एक खडा टाकला. नाडी ऐंशी, शंभर, एकशे वीस. "तुमाले एक गोष्ट सांगाची हाये," ती म्हणाली. एकशे बत्तीस.

आणि मी, मेल्यानं, थरथरून दिवा लावला. 'शाब्बास! आजचा व्यायाम पूर्ण झाला.' मला तेवढंच शिकवलंय हो. नाडी इतकी वर गेली की शाब्बास म्हणायचं. रत्नदीपनं वाकून वाचलं आणि तो खो खो हसला. म्हणाला, बसल्या जागी व्यायाम? तीही हसली. तेवढ्यात त्याला छापखान्यातून बोलावणं आलं आणि तो उठला. बसमध्ये तिनं माझ्यावर तळहात दाबून धरला. रविवारी सांगू, असं ती स्वतःशीच दोनदा म्हणाली.

रविवार उजाडला, पण तिच्या आधी मास्तर पवनारला पोहोचले होते. साक्षगंधाला माणसं किती, जेवण काय, हे ठरवायला. रत्नदीपच्या आत्याबाई मीराबाई आलेल्या. त्यांनी मुलगी बघितली नव्हती. मास्तरांनी मोबाईलवर मयुरीचा फोटो काढून दिला. आत्याबाई कौतुकानं बघत असतानाच फोटोवर वरून संदेश उतरला. त्यांनी तो सगळ्यांसमोर एकेक शब्द जुळवत वाचला. 'प्रिय मयुरी, सिकलसेल आहे म्हणून काळजी नको. खास तुमच्यासाठी टॉनिकवर चाळीस टक्के सूट.'

हे मास्तरांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, मान खाली घालून. रत्नदीपचे वडील वासुदेवराव काय म्हणाले तेही सांगितलं. "मास्तर, पोरगी बिमार हाये याचं वाईट नाई वाटत. आमाले ते एका दुकानदारानं सांगतलं, तुमी नाई सांगतलं, याचं वाईट वाटते." संबंध मोडला होता.

कांताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मीच बोलली, त्या डॉक्टरले मीच बोलली, एवढंच त्या म्हणत राहिल्या. प्रेमदास उठून अंगणात जाऊन बसले. मयुरी रडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचं अंग असं दुखायला लागलं की चार दिवस तिला बाजेवरून उठता आलं नाही. प्राणवायू उतरला तसा मी कंपनीला कळवत होतो. माझ्या हातात दुसरं काय होतं? ओरडून ओरडून कळवत होतो. कंपनीनं उत्तर पाठवलं, सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात. तीही मास्तरांच्या फोनवर.

बरं वाटल्यावर तिनं कंपनीला फोन लावला. ओटीपी मास्तरांकडे येणार, म्हणून ते बिचारे शेजारी येऊन बसले. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. मयुरीनं विचारलं, "माझं नाव अन् माझा आजार तुम्ही कोणाकोणाला दिला, तेवढं सांगा." मुलगी म्हणाली, आमच्या भागीदारांची नावं सांगता येणार नाहीत मॅडम, ती माहिती गोपनीय असते. मयुरीनं तोच प्रश्न तीनदा विचारला. तेच उत्तर तीनदा आलं. शेवटी तिनं खातं बंद करायला सांगितलं. ते झालं. पण बाहेर गेलेली माहिती परत मागवता येत नाही, हेही त्या मुलीनं गोड आवाजातच सांगितलं.

पानठेल्यावर आता हाच विषय. एक म्हणे, कंपनीचा काय दोष, पोट्टीनंच हो दाबलं. दुसरा म्हणे, बरं झालं, पोरवाले वाचले. मयुरी बससाठी तिथंच उभी होती. या वेळी रामाजींनी, लपवाले हाये काय, असं म्हटलं नाही. ते पानं पुसत राहिले. मला त्या सगळ्यांचा असा राग आला की काय सांगू! आणि सगळ्यात जास्त माझाच.

एक दिवस ती आर्वीच्या शाळेत न जाता वर्ध्याला छापखान्यात गेली. दुपारची वेळ, रत्नदीप संगणकावर कोणाची तरी पत्रिका जुळवत होता. ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "लग्नाचं बोलाले नाई आली. तुम्ही तुमचं रक्त तपासून घ्या. कोणाशीही लग्न करा, पण आधी तपासा. हे मले तुम्हाले माह्या तोंडानं सांगाचं होतं."

त्यानं पत्रिकेचं काम थांबवलं. मग म्हणाला, "नदीवर आपण तासभर बसलो. तवा काऊन नाई सांगतलं? मी नाई म्हटलं असतं काय?"

तिची नाडी पुन्हा तशीच, एकशे तीसच्या पुढे. ती सांगू शकली असती. या पट्ट्यानं मध्येच तोंड घातलं म्हणून राहिलं, असं म्हणू शकली असती. पण ते कोणाला खरं वाटलं असतं? तिनं मला सोडवलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. "याले विचारा," म्हणाली आणि निघून गेली.

त्यानं मला खणात टाकलं, पत्रिकांच्या नमुन्यांवर. पंधरा दिवस मी तिथं होतो. मनगट नाही, नाडी नाही. अंधारात मी आपला शून्य मोजत होतो आणि तिचा आकडा आठवत होतो. आज कसं असेल तिचं? थंडी पडली असेल का तिकडं? कोणी बघत असेल का?

आज दुपारी बाकीची माणसं जेवायला गेली तेव्हा खण उघडला. रत्नदीपच्या हातात दवाखान्याचा कागद होता. तिचं ऐकून त्यानं रक्त तपासून घेतलं होतं तर! त्यानं वडिलांना फोन लावला. "बाबा, माह्याही रक्तात हाये. मी वाहक हाये. मंजे आपल्या घरातूनच आलं ना हे." पलीकडून वासुदेवराव बराच वेळ काहीतरी बोलत होते.  शेवटी रत्नदीप म्हणाला, "हाव. कोणाले नाई सांगत."

फोन ठेवून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत बसला. मग त्याला मी दिसलो. त्यानं मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि मनगटावर बांधलं. याले विचारा, असं ती म्हणाली होती ना, ते त्याच्या डोक्यात असावं. त्या दिवशीचं काहीतरी माझ्यात सापडेल असं त्याला वाटलं असेल. माझ्यात काही नाही हो. होतं ते सगळं कंपनीकडे गेलं.

आता तो मोबाईल हातात घेऊन बसलाय. माझ्यातलं बघायला खातं लागतं, म्हणून नवं खातं उघडतोय. नाव भरलं, वय भरलं. चार वेळा हो दाबून झालं. पडद्यावर पुढचा प्रश्न आलाय. 'तुम्हाला किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे का?' खाली दोन खुणा, हो आणि नाही. त्याची नाडी एकशे अठरा.

रत्नदीप, बाबा, थांब. त्याच मोबाईलमध्ये मयुरीचा नंबर आहे. तो लाव. तिनं तुझ्यासाठी जीव एकवटून तोंड उघडलं होतं, ते मी बंद केलं. तू तिला सांग, तुझ्या तोंडानं, आत्ता. लग्न होवो न होवो, पण आपण दोघं एकाच दुखण्याचे आहोत हे तिला तुझ्याकडून कळू दे. टॉनिकवाल्याला कळण्याआधी कळू दे. पाया पडतो तुझ्या.

एकशे चोवीस. एकशे एकोणतीस. मला ओरडायचंय आणि मला फक्त थरथरता येतं. म्हणून मी आहे तेवढ्या बळानं थरथरतोय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर माझं ते एकच वाक्य उमटलंय, शाब्बास. तो किंचित हसला आणि त्यानं अंगठा उचललाय.

आधी तिला, रत्नदीप. आधी तिला सांग.