शेंदूर फासलेला दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे आणि मित्रांनो, जन्माचा भित्रा आहे. विमानांना ‘इकडे येऊ नका’ असं सांगायचं, एवढंच माझं काम.

माझी पहिली नेमणूक सांताक्रूझच्या विमानतळाशेजारी, पाण्याच्या टाकीवर झाली. खालच्या चाळीत गोवेकर, मद्रासी, पंजाबी, गुजराती राहत आणि सावळा नावाचा मावळातला एक पोरही. तो विमानांत सामान चढवायचा. तिथे भांडणं पाच भाषांत चालत, पण विमान डोक्यावर आलं की सगळे एकाच भाषेत गप्प! मी तर प्रत्येक विमानाला थरथरायचो. तरी आया मुलांना सांगत, “लाल्या जागा आहे, तुम्ही झोपा.” तेवढ्यानेच मला धीर यायचा.

पासष्टच्या सुमारास ती टाकी पाडली आणि मला लोणावळ्याजवळ, औंढे गावाच्या वरच्या कड्यावर एका बुटक्या खांबावर बसवलं. रोज दिवेलागणीला माझा राखणदार दत्तोबा कड्याच्या पायथ्याशी बटण दाबी. सावळ्याची आई कमळाबाई कड्याजवळच्या वाडीत राहायची. लेकाच्या चाळीवरून आलेला, रात्रभर जागणारा दिवा म्हणजे तिला देवच वाटला. एका अमावास्येला तिने तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या काचेला बोटबोट जाड फासला.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं. दत्तोबाने बटण दाबलं. मी आत जळत होतो आणि बाहेर काळोख! तेवढ्यात मुंबईच्या बाजूने घरघर ऐकू आली. माझी भीतीने गाळण उडाली. ओरडायला माझ्याजवळ उजेडाशिवाय काहीच नव्हतं.

लाल दिसेना म्हणून दत्तोबा धापा टाकत वर आला. कमळाबाई माझ्यापुढे हात जोडून बसली होती.

“मावशी, पुसा त्यो शेंदूर! इमान येतंय!”

“देवाचा शेंदूर पुसू? कोप हुईल. माजा सावळा तितं म्हमईत हाय.”

“सावळ्यानंच सामान चढवलं आसंल त्यात. मानसं हायती, मावशी!”

दत्तोबाने हात पुढे केला आणि मागे घेतला. तोही घाबरला होता. शेवटी कमळाबाईच उठली.

“कोपायचं तर माज्यावर कोप, पोरावर नगं,” असं म्हणत तिने पदराने माझी काच पुसली. लाल उजेड तिच्या तोंडावर पडला. विमान वळलं आणि घरघर डोंगरापलीकडे गेली. कमळाबाई मात्र डोळे मिटून, कोप व्हायची वाट पाहत कितीतरी वेळ तशीच उभी होती.

मित्रांनो, आता मी गंजलोय. अजूनही कुणी शेंदूर घेऊन कडा चढू लागलं की मला धडकी भरते. ज्याच्या भरवशावर माणसांचे जीव आहेत, त्याला पुजू नका रे. पुसत जा.