कृष्णेचा रंग

१९७३ साली नागपूरच्या एका विणकरवस्तीतल्या गणेश मंडळानं पांडवांचं नाटक बसवायला घेतलं. चंपतराव विणकराची थोरली मुलगी कौसल्या सूत गुंडाळता गुंडाळता द्रौपदीची भाषणं म्हणायची. तिचा आवाज असा होता, की शेजारचे माग थांबायचे.

तालमीच्या दिवशी मंडळाचे प्रमुख भैय्याजी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "आवाज फस्कलास आहे वं पोरी. तू हिडिंबा कर."

"पण भैय्याजी, पोथीत द्रौपदीले कृष्णा म्हनते न? ते सावळीच होती."

"पोथीचं पोथीत राहू दे. स्टेजवर लोकायले गोरी राणी लागते."

द्रौपदी वस्तीतल्याच गोऱ्या पुष्पलतेला मिळाली. कौसल्येच्या तोंडाला आणखी काजळी फासली गेली. गणपती बुडाले, पण पोरांनी नाव सोडलं नाही. ती नळावर गेली की "हिडिंबा आली, हिडिंबा!"

हिवाळ्यात पारशिवनीहून पाहुणे तिला बघायला आले. दारातून कुणीतरी तेच नाव ओरडलं. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले आणि पोहे अर्धे टाकून उठले.

मग आई सुभद्रेनं बाजारातून रंग उजळण्याची पुडी आणली आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या तोंडाला लेप दिला. आग होऊ लागली तशी सुभद्रा पाणी आणायला उठली.

"राहू दे वं आई," कौसल्या दात आवळून म्हणाली. "झोंबून राहिलं म्हनजे रंग उतरून राहिला."

सकाळी चेहरा सुजून फोड फुटले होते. जखमा चिघळल्या. दवाखान्यात तापाच्या ग्लानीत तिनं विचारलं, "आई, झाली का वं मी गोरी?"

सुभद्रा म्हणाली, "हो."

पहाटे कौसल्या गेली.

तो 'हो' घरातून गेला नाही. भाकर थापताना, सूत उकलताना सुभद्रेला मागून तोच प्रश्न ऐकू यायचा आणि तिचे ओठ आपोआप हलायचे. धाकटी जयवंता ते बघायची.

दोन वर्षांनी मंडळानं पुन्हा तेच नाटक काढलं. भैय्याजी दारात आले. "वहिनी, जयवंताले पाठवा. हिडिंबेसाठी."

"पाठवीन," सुभद्रा म्हणाली, "पण द्रौपदी म्हनून. अन् तोंडाले सफेदा लावाचा नाही."

"लोक हसतील, वहिनी."

"माही एक पोरगी तुमच्या हसन्यानं मेली, भैय्याजी. अन् लेप मी लावला. तिले काळी म्हनून म्याच मारलं. आता कोनाले भेऊ?"

भैय्याजींनी पुष्पलतेला बोलावणं धाडलं. ती येऊन जयवंतेच्या बाजूला उभी राहिली. "मी नाही करत द्रौपदी. मागच्या वेळी कौसल्येचं काम मीच घेतलं होतं. मले झोप नाही लागत, भैय्याजी."

भैय्याजी खाली मान घालून निघून गेले. दुसरी द्रौपदी मिळाली नाही.

नाटकाच्या दिवशी पडदा वर गेला. बिनरंगाच्या तोंडानं जयवंता उभी राहिली. मागच्या रांगेत कुणी खिदळलं. दुःशासनानं पदराला हात घातला. जयवंतेनं कौरवांकडे पाहिलंच नाही. ती प्रेक्षकांकडे वळली.

"ह्या सभेत बसलेल्यांनो, माझी विटंबना होते आहे आणि तुम्ही नुसते बघत बसला आहात?"

ओळ द्रौपदीची होती. पण नळावर ओरडणारी पोरं पुढच्याच रांगेत बसली होती. त्यांच्या आया त्यांच्यामागे होत्या. कुणीही मान वर केली नाही.