हातभर आत

"आबा, गुडघे बाहेर येतायत," प्रितम म्हणाला.

"दिसतंय मला," केरबा म्हणाला, आणि तरीही डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवून बघत राहिला. कुठल्या तरी बाजूने गुडघे आत गेलेले दिसतील अशी त्याला आशा असावी.

बुद्धांची पांढरीशुभ्र मूर्ती वस्तीच्या विहारातल्या नव्या कोनाड्यात रुंदीला चपखल बसली होती. दोन्ही कडांना बोटभर मोकळं, डोक्यावर कमानीखाली वीतभर मोकळं. पण मांडी घालून बसलेलं माणूस पुढे किती येतं, याचा विचार कोणी केलाच नव्हता. पाठ भिंतीला टेकली होती आणि मांडी सगळी बाहेर, अधांतरी. प्रितम आणि त्याचे दोन मित्र मूर्तीला मिठी मारून उभे होते. सोडली की खाली येणार, हे उघड होतं.

चूक तशी साधीच होती. प्रितम, केरबाचा मुलगा, उर्सेच्या टोलनाक्यावर कामाला. पुण्याच्या दुकानातून त्याने मूर्तीचा फोटो मोबाइलवर पाठवला, उंची सांगितली, रुंदी सांगितली. केरबाने लगेच थापी उचलली. मळवलीच्या बंगल्यांमध्ये त्याने जन्मभर कोनाडे काढले होते, पण ते तसबिरींचे. तसबिरीला कसली आलीय खोली? चार बोटं आत घेतलं की झालं. आणि फोटोतली मूर्तीही तसबिरीसारखीच सपाट दिसत होती.

बरं, गुपचूप बांधला असता तर एक वेळ चाललं असतं. पण स्वतःच्या गुडघ्यांनी कुरकूर सुरू केल्यापासून हे आपलं शेवटचं काम असं केरबाने जाहीर केलं होतं, आणि महिनाभर स्टेशनवर भेटेल त्याला तो "पुनवंला या, कमान बघाय या," असं सांगत सुटला होता. उद्या ती वैशाखी पौर्णिमा. भन्ते येणार, कामशेत-कान्ह्याचे पाहुणे येणार, आणि सगळ्यांच्या देखत तथागत कोनाड्यातून उठून निघाल्यासारखे दिसणार. केरबाला घाम फुटला.

तेवढ्यात त्याची बायको आक्काबाई आली. तिने मूर्तीला हात जोडले, मग नवऱ्याकडे वळली.

"अवो, ही काय बसायची तऱ्हा? लोकलमदी चवथ्या शिटावर टेकल्यावानी!"

"टेबल लावू पुढं," केरबा पुटपुटला.

"टेबल लावलं तर मानसं कुटं बसवू? माज्या डोक्यावर? हाय केवढा ह्यो विहार!"

"उभी मूर्ती घेतली असती तर बसली असती," प्रितमचा एक मित्र म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"मागं सरकवा की," आक्काबाई म्हणाली.

"मागं भिंत हाय."

"मग फोडा. तुमीच बांधलीया न्हवं?"

केरबाने भिंतीकडे बघितलं. भिंत फोडायला काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती भिंतीच्या पलीकडे. विहाराची मागची भिंत आणि त्याचा धाकटा भाऊ निवृत्ती याच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. आणि निवृत्तीशी त्याचं बोलणं नव्हतं.

कारण ऐकलं तर हसू येईल. निवृत्तीने स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा दोघांच्या घरांमधल्या बोळात तो वीतभर पुढे आला. त्या बोळातून कोंबड्यांशिवाय कोणी जात नसे. पण केरबा पडला गवंडी. त्याने सगळ्या वस्तीसमोर टेप लावून "माझी वीतभर रुंदी खाल्ली" म्हणून भावाचा पाणउतारा केला. तेव्हा निवृत्तीची मुलगी पायल बालवाडीत होती, आता ती लोणावळ्याला कॉलेजात जाते. मधल्या काळात आई गेली. तिच्या जलदान विधीला दोघे भाऊ एकाच सतरंजीवर बसले, तेसुद्धा मध्ये जागा सोडून. एवढं मात्र खरं की समोरासमोर आले की "जयभीम" म्हणायचे. जयभीमला उत्तर द्यायचं नाही इतकं मोठं भांडण वस्तीत कोणाचंच नव्हतं. ते झालं की दोघे दोन वाटांनी जायचे.

केरबा वळसा घालून निवृत्तीच्या दारात गेला.

"जयभीम."

"जयभीम," निवृत्ती म्हणाला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तो दुपारभर उंबऱ्याशी बसून असे. नेहमीप्रमाणे त्याने मान वळवली. पण केरबा हलला नाही. आता पुढे काय करायचं असतं हे दोघेही विसरले होते.

"भिंत बघायची हुती," केरबा शेवटी म्हणाला.

"का? आनखी वीतभर सापडली व्हय?"

"न्हाई. या खेपंला मला पायजे."

निवृत्तीने डोळे बारीक केले. "किती?"

"हातभर."

"हातभर! मी वीतभर घेतली तर गाव गोळा केलंस. आन् तुला हातभर रुंदी पायजे?"

"रुंदी न्हाई रं, खोली."

"त्यात काय फरक हाय?"

केरबाने जन्मभर टेप वापरला होता, पण हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याने दोन्ही हात पसरले. "हे बघ, रुंदी म्हंजी हितनं तितं." मग एक हात पुढे केला, तो निवृत्तीच्या छातीपाशी जाऊन थांबला. "आन् खोली म्हंजी... हितनं तुज्याकडं."

हात तसाच राहिला. तो मागे घ्यावा हे केरबाला सुचेना.

आतून निवृत्तीची बायको शालूबाई पदराला हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हंजी तथागताचं तोंड तुमाकडं आन् पाठ माज्या चुलीकडं? आन् माजा मिक्सर कुटं लावू? त्याचं बटन त्याच भिंतीला हाय!"

"मिक्सरचं बघू नंतर," निवृत्ती म्हणाला आणि उठला. "घन तुज्याकडं हाय का माजा आनू?"

भिंत दोन्हीकडून फोडायला घेतली. विहारातून केरबा, स्वयंपाकघरातून निवृत्ती. थोड्या वेळाने मधली एक वीट सुटून पडली आणि भोकातून भावाचं तोंड दिसलं. रोज दिसणारंच तोंड. पण इतक्या जवळून केरबाने ते कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. खालचा ओठ थेट आईचा झाला होता. फुकट गेली सगळी वर्षं, एका वितीच्या पायी.

"पुढचं दात कुटं गेलं रं तुजं?" त्याने विचारलं.

"दोन वर्सं झाली. तुला आत्ता दिसलं व्हय?" निवृत्ती म्हणाला, आणि नाकातली धूळ शिंकरायला म्हणून तोंड फिरवलं.

दिवस मावळायच्या आत स्वयंपाकघराच्या जमिनीपासून विटांचा ओटा चढला, वर कडप्पा बसला, मागून विटांनी बंद झालं. मूर्ती आत सरकली. गुडघे कमानीच्या सावलीत गेले.

"काम ओलं हाय," केरबा जाताना म्हणाला. "सकाळी आमी वंदनेला बसू तवा तू हिकडनं पाठ लावून ऱ्हा. धक्का लागाय नगं."

दुसऱ्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांनी कमानीचं तोंडभर कौतुक केलं. केरबा ते ऐकत होता, पण लक्ष भिंतीकडे होतं. वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या आवाजामागून भिंतीपलीकडचा एक घोगरा, दात नसलेला आवाज येत होता, थोडा मागे रेंगाळत. केरबाने आपला आवाज जरा हळू केला, म्हणजे तो नीट ऐकू येईल.

खीर वाटायला सुरुवात झाली तशी तो दोन वाट्या घेऊन पलीकडे गेला. निवृत्ती ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसला होता. नवा सदरा सिमेंटने माखला होता.

"ऊठ आता. रातीच वाळलंय ते."

"म्हायती हाय मला," निवृत्ती म्हणाला आणि बसूनच राहिला.

केरबाने त्याच्या हातात वाटी दिली. मग गुडघे धरत तोही खाली टेकला, भावाच्या खांद्याला खांदा लावून, आणि ओट्याला पाठ लावली.

शालूबाई मिक्सरचं भांडं घेऊन आली आणि दोघांच्या डोक्यावर उभी राहिली. "सरका की! वाटण करायचं हाय. किती येळ बसनार?"

केरबाने खिरीचा घास गिळला.

"ओलं हाय अजून," तो म्हणाला.